मावशीची राखलेली विद्या

वाघाने मांजरीकडून शिकारीची सगळी विद्या घेतली आणि शेवटी गुरूवरच झेप घातली, तेव्हा मावशी सर्रकन झाडावर चढून बसली, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. झाडावर चढण्याचा तेवढा एक धडा तिने भाच्यापासून राखून ठेवला होता. (बिबट्या तो धडा कुठे शिकला, हे गोष्टीत नाही. बहुधा वर्गाबाहेर उभा राहून ऐकला असावा. आमच्या कॉलेजातही अशी मुले असतात आणि पुष्कळदा तीच बरी निघतात.) आजीला या गोष्टीतून काय सांगायचे असे ते असो, मला मात्र या श्रावणापासून त्या गोष्टीतला एक निराळाच प्रश्न छळू लागला आहे. मावशी झाडावर चढली हे ठीक झाले. पण तिथे झाडच नसते तर?

आमच्या घरात झाड नाही. परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला आमचे घर आहे. स्लॅबचे आहे, चार खोल्यांचे आहे, भिंतींना गुळगुळीत रंग आहे आणि जमिनीला त्याहून गुळगुळीत फरशी आहे. या घरात भिंगरी राहते. ती दीड वर्षाची आहे आणि तिला चढायचे असते. कुठे, हा तिच्या दृष्टीने गौण प्रश्न आहे. पडद्यांवरून ती कांबीपर्यंत जाते. फ्रिजवरून लोखंडी कपाटावर आणि कपाटावरून माझ्या पुस्तकांच्या मांडणीवर उडी घेते. महानुभाव वाङ्मयावरचे ग्रंथ तिने एकदा आणि संतवाङ्मयावरचे दोनदा खाली लोटले आहेत. एकदा ती देव्हाऱ्याच्या कळसावर बसलेली आढळली. समईची वात तेवढी विझलेली होती, म्हणून निभावले.

तिला बाहेर का सोडत नाही, असे शेजारणी विचारतात. गावातले मांजर, चार घरी हिंडेल, कुणाकडे दूध तर कुणाकडे उंदीर खाईल, त्यात काय? त्याचे उत्तर म्हणजे भिंगरीच्या आधीची मनी. दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गल्लीत फटाक्यांची माळ लागली, मनी बावरून ओट्यावरून जी सुटली ती थेट मोठ्या रस्त्यावर गेली. आम्हाला कळले तेव्हा ट्रक निघून गेला होता. धाकटा त्या रात्री फराळाला बसला नाही. पुढच्या पावसाळ्यात गोठ्याच्या कोपऱ्यात भिंगरी सापडली, तेव्हा त्यानेच ठरवून टाकले की ही घरातच राहील. आम्ही हो म्हटले. घरात राहणे म्हणजे काय, याचा विचार आम्ही कुणीच केला नव्हता. भिंगरीने तो आम्हाला करायला लावला.

श्रावण लागून चार दिवस झाले असतील. पहाटे चारच्या सुमाराला माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, पाणी प्यायला उठल्या. भिंगरीचा तो पळापळीचा वेळ. ती या खोलीतून त्या खोलीत धावत आली ती नेमकी त्यांच्या पायांत. आत्याबाई पडल्या, हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. वय त्र्याहत्तर. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर. आमचे हे तसे शांत स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांनी सांगून टाकले, "आता ही शेतात जाईल. आखाड्यावर राहील."

शेतात म्हणजे कुत्री, कोल्ही आणि रात्रीचे उघडे रान. घरात वाढलेले मांजर तिथे किती दिवस काढील, हे त्यांनाही ठाऊक होते आणि धाकट्यालाही. घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आत्याबाईच बोलल्या. गळ्यात हात अडकवलेला, मांडीवर भिंगरी. म्हणाल्या, "तिचं काय चुकलं माय? आपल्या जुन्या घरात मांजर कधी माणसाच्या पायात आलं व्हतं का? ते वरूनच हिंडायचं."

या एका वाक्याने मी थबकले. कारण ते खरे होते.

लग्न होऊन मी ताडकळसला आले तेव्हा जुने घर उभे होते. पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर माळवद. ज्यांनी मराठवाड्यातले माळवद पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर दाटीने बसवलेले किलचन, त्यावर पाला आणि त्यावर दीड-दोन फूट माती असे हे छप्पर. उजेड यावा आणि धूर जावा म्हणून मधोमध साणे असे. माणसाच्या डोक्यावर त्या घरात एक दुसरेच घर होते. खांबावरून तुळईवर, तुळईवरून माळ्यावर, माळ्यावरून उतरंडीमागे, तिथून कणगीवर, कणगीवरून देवळीत. भिंतीतून खुंट्या बाहेर आलेल्या, त्यांवर कासरे आणि घोंगड्या टांगलेल्या. कोपऱ्यात तिफण उभी. आढ्याला शिंके. 'शिंके तुटले आणि बोक्याचे फावले' ही म्हण रचणाऱ्याने बोक्याची शिंक्याखाली बसून वाट पाहण्याची चिकाटी टिपली आहे; पण शिंके बांधणाऱ्या बाईला त्याच्या चढण्याची किती धास्ती होती, तेही त्या म्हणीत आहे. नाहीतर दुधा-लोण्याची भांडी अधांतरी टांगायचे कारण काय?

थोडक्यात, त्या घरात मांजरासाठी कुणी काही केलेले नव्हते आणि सगळे केलेले होते.

ते घर आम्ही पाडले. त्याबद्दल मला हळहळ वाटत नाही, हेही सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. लातूर-उस्मानाबादकडच्या त्या खेड्यांत हजारो माणसे मेली ती बहुतेक अशाच घरांत, दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची माती अंगावर येऊन. परभणीकडे तो धक्का जाणवला, पडझड तशी झाली नाही. पण त्यानंतर माळवदाखाली बिनघोर झोप कुणाला लागेना. ज्याला जमेल त्याने पत्रे टाकले, ज्याला अधिक जमेल त्याने स्लॅब टाकला. मांजरासाठी कुणी माळवद परत बांधणार नाही आणि बांधूही नये. माझे म्हणणे एवढेच की, घर बदलले तेव्हा माणसाला काय हवे ते आपण मोजून घेतले. मांजराचे जे होते ते तुळयांबरोबर गेले आणि ते गेले हे ध्यानातही आले नाही. वरची वाट बंद झाली म्हणून ते खाली आले, आणि खाली आपले पाय होते.

मांजराला चढायची ही एवढी हौस का? हौस नव्हे, ती त्याची प्रकृतीच आहे. जगातली सगळी घरमांजरे पश्चिम आशियाच्या बाजूच्या एका रानमांजरापासून आली, हे २००७ साली आनुवंशिक अभ्यासातून दिसून आले. माणसाने पेरायला आणि साठवायला सुरुवात केली, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे रानमांजर आले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेले एक मांजर सापडले आहे, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे. इतकी वर्षे सोबत राहूनही ते मनाने रानातलेच राहिले. ते शिकारी आहे आणि त्याच्याहून मोठ्या जनावराची शिकारही आहे. दोन्ही कारणांनी त्याला उंचावर बसायचे असते: तिथून उंदीर दिसतो आणि कुत्राही दिसतो.

शरीरही त्याला तसेच मिळाले आहे. गळ्याखालचे जे आडवे हाड आपल्या खांद्याला घट्ट जोडलेले असते, ते मांजराचे इवलेसे आणि सुटे असते. म्हणून त्याचे डोके शिरले की खांदे शिरतात. नखे आतल्या बाजूला वळलेली, त्यामुळे चढताना ती आकड्यासारखी रुततात. पण उतरताना तीच नखे उपयोगाची नाहीत. मांजराचा मागचा पाय उलटा फिरत नाही, म्हणून त्याला खारीसारखे डोके खाली करून उतरता येत नाही. दक्षिण अमेरिकेतले मार्गे नावाचे रानमांजर आणि आपल्या ईशान्येकडचा लामचित्ता यांना ते साधते. भिंगरीला साधत नाही. ती पार्श्वभाग पुढे करून घसरते, नाहीतर सरळ उडी टाकते. चढायला जागा दिली आणि उतरायला दिली नाही, तर ते मांजराचे झाड नव्हे, मांजराचा पिंजरा होतो. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

पडले तरी मांजर पायावरच पडते, असा आपला विश्वास आहे आणि तो बव्हंशी खरा आहे. १८९४ साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडणाऱ्या मांजराची लागोपाठ छायाचित्रे काढली आणि ते हवेतल्या हवेत अंग कसे पिळते, ते दाखवले. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतली ज्यांच्यावर उपचार झाले त्यांपैकी शेकडा ९० वाचली, पण पुष्कळांची छाती, जबडा, दात दुखावलेले होते. पायावर पडणे म्हणजे इजा न होणे नव्हे. शहरात तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या वाचकांनी खिडकीला जाळी आधी लावावी आणि मगच पुढचे वाचावे.

मांजराच्या डॉक्टरांच्या एका अमेरिकन आणि एका आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ साली मिळून घरातल्या मांजराच्या गरजा लिहून काढल्या. त्यांत पहिली गरज अन्नाची नाही. सुरक्षित जागेची आहे, आणि ती जागा शक्यतो उंचावर असावी असे ते म्हणतात. आत्याबाई जे म्हणाल्या तेच हे, फक्त इंग्रजीत.

तर आता झाड आणायचे. बाजारात ते विकत मिळते. खांब, त्यावर फळ्या, एखादा गुबगुबीत कप्पा, खाली लोंबणारा चेंडू. किंमत दोन-तीन हजारांपासून पुढे कितीही. माझ्या एका सहकारी बाईंनी असे एक मागवले होते, ते पाहून आले. खांब म्हणजे आतून पोकळ पुठ्ठ्याची नळी आणि बूड म्हणजे भुशाची फळी. त्यांच्या बोक्याने पहिली झेप घेतली, ते हलले, आणि बोका पुन्हा त्याच्या वाटेला गेला नाही. मांजर एकदा हललेल्या वस्तूला सहसा क्षमा करत नाही. आता त्यावर त्या छत्र्या वाळत घालतात.

पण पाहण्याने एक फायदा झाला. खांबाला जो दोर गुंडाळलेला होता तो मी हातात घेतला आणि ओळख पटली. खोक्यावर लिहिले होते 'सिसल'. मेक्सिकोतल्या युकातान प्रांतात सिसल नावाचे बंदर आहे, तिथून हा वाख जगभर जाई म्हणून हे नाव. आणि वस्तू म्हणजे आपली घायपात हो! आमच्याकडे केकताड म्हणतात. बांधांवर, रेल्वेच्या रुळांकडेला त्याच कुळातली ती काटेरी, तलवारीसारख्या पानांची बेटे कुणी पाहिली नाहीत? पाने कुजवून, झोडपून त्याचा वाख काढायचा आणि दोर वळायचे, हे काम आमच्या गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालत होते. पोळ्याला कासरे, दावी, मोरख्या याच्याच आणि अंबाडीच्याच असत. पुढे नायलॉनचा कासरा आला, स्वस्त, रंगीत, न कुजणारा, आणि दोर वळणाऱ्यांचे हात रिकामे झाले. गावातल्या एका वृद्ध कारागिरांकडे मी गेले आणि दीडशे फूट दोर मागितला. त्यांनी विचारले, "बैल किती हाईत?" मी म्हटले, "मांजर आहे." ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. दोर मात्र वळून दिला आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी दिला.

खांब घरचाच निघाला. पाडलेल्या गोठ्यातली कडुलिंबाची एक मेढ, म्हणजे वर दुबेळके असलेला खांब, परसात पडून होती. सहा फूट उंच, घेर सोळा इंच. कडुलिंबाला कीड सहसा लागत नाही आणि दुबेळक्यात एक फळी आयती बसते. मेढ असेल तर उत्तम. नसेल तर कोणतेही गाठीचे, जाड, न सोललेले लाकूड चालेल. रंग नको, वार्निश नको.

प्रश्न राहिला बुडाचा. चार किलोंचे मांजर पाच फुटांवर झेपावते तेव्हा खांब उलथायला बघतो. सुतार म्हणाले, दोन फूट चौकोनी जाड फळी लागेल, तिच्यावर वजन लागेल. फळीचे दाम ऐकून मी गप्प बसले. तेव्हा आत्याबाई डाव्या हाताने पडवीकडे दाखवून म्हणाल्या, "ते जातं हाय की."

मी नको म्हटले. खरे म्हणजे मला ते ऐकवले नाही. मी मराठी शिकवते. जात्यावरच्या ओव्या शिकवताना दरवर्षी माझा एक तास हमखास रंगतो. आणि हे जाते पुस्तकातले नव्हते. आत्याबाई सून म्हणून आल्या त्या दिवसापासून गिरणी येईपर्यंत रोज पहाटे त्या याच जात्यावर बसल्या होत्या. घरातल्या प्रत्येक लग्नाची हळद त्याच्यावर दळली गेली. जात्याला पाय लागला तर नमस्कार करायचा, अशी आमची रीत. त्यात मांजराने नखे घासायची? मी हे सगळे बोलून दाखवले. आत्याबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मी दळाया बसले की मांजर कुठं बसायचं? ह्याच्याच पाळीशी बसायचं. दाणे सांडले की उंदीर येतो, हे त्याला ठावं व्हतं. ते जात्याचंच हाय. आन् नुसतं पडून ऱ्हाण्यापरीस कुणाच्या कामी आलेलं बरं." सायप्रसच्या मांजराची हकीकत मी त्यांना सांगितली नव्हती. तिची गरज नव्हती.

जात्याच्या वरच्या दगडाला, ज्यातून वैरण टाकतात तो, मधोमध आरपार भोक असते. सुतारांनी मेढीचे बूड तासून त्याला कूस काढली, ती त्या भोकात बसवली आणि चारी बाजूंनी पाचरी मारल्या. वीस-पंचवीस किलोंचा तो दगड, सोळा इंच रुंद. तरीही वरच्या अंगाला लोखंडी पट्टी घालून मेढ खिडकीच्या गजाला आवळली. मी दोन्ही हातांनी हलवून पाहिले. हलली नाही.

दोर गुंडाळण्याचे गणित लिहून ठेवते, कारण माझे पहिल्यांदा चुकले होते. आठ मिलिमीटर जाडीचा दोर एका इंचात तीन वेढे घेतो. तीन फूट उंची गुंडाळायची तर १०८ वेढे झाले. घेर सोळा इंच, तेव्हा १४४ फूट दोर. गाठींसाठी थोडा जास्त धरून १५०. तीन फूट का, तर मांजर मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण अंग ताणून नखे लावते. खांब आखूड पडला तर ते पुन्हा सोफ्याकडे वळते. नखे लावण्याने वरचे जुने टरफल निघून जाते, अंग मोकळे होते आणि पंजाचा वास खांबाला लागून ती जागा 'माझी' होते. म्हणून दोर कितीही विद्रूप झाला तरी घाईने बदलू नये. गुंडाळताना खालून सुरुवात करावी, पहिले टोक चुकेने ठोकून त्यावर तीन वेढे घ्यावेत, आणि दर दहा वेढ्यांनी लाकडी हातोडीने वेढे खाली ठोकत जावे. सैल वेढ्यात नख अडकते. नायलॉन मुळीच नको. तागाची सुतळी चालते, पण तिला तेलाचा, रॉकेलसारखा वास येत असेल तर परत करावी.

दुबेळक्यावर फळी बसली, फळीवर बुरुडाकडची एक मोठी दुरडी सुतळीने पक्की केली. त्यानंतर उतरणीची व्यवस्था, जी मी आरंभी विसरले होते. खोक्याच्या जुन्या फळ्यांच्या पाच पायऱ्या भिंतीला घोड्या लावून बसवल्या, दहा इंच रुंद, एकीपासून दुसरी साधारण एक-सव्वा फुटावर, जिन्यासारख्या तिरप्या. त्यांवर गोणपाट ठोकले, नाहीतर पाय घसरतो. शेवटची पायरी कपाटाच्या माथ्याला नेऊन भिडवली. म्हणजे भिंगरीला खांबावरून चढून, कपाटावरून फिरून, पायऱ्यांनी खाली यायला एक वाट झाली आणि ती जमिनीला फक्त दोन ठिकाणी लागते. खर्च म्हणाल तर दोर ४५०, सुतारांची अर्ध्या दिवसाची मजुरी ५००, घोड्या आणि स्क्रू ३२०. एकूण १,२७० रुपये. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडता येत नसतील, तर एक बांबूची शिडी खिडकीला तिरपी बांधून तिच्या पायऱ्यांना गोणपाट गुंडाळले तरी पुष्कळ काम होते. तेवढेही नको असेल तर कपाटावर एक पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवावा आणि कपाटाशेजारी एक उंच स्टूल. शून्य रुपये.

दोन-तीन गोष्टी मात्र जपायला हव्यात. पहिली म्हणजे छताचा पंखा. विलायती पुस्तकांत याचा उल्लेख नसतो, कारण त्यांच्या घरांत तो क्वचितच. आपल्याकडे प्रत्येक खोलीत तो फिरत असतो. सगळ्यांत वरची फळी पंख्याच्या पात्यापासून एका उडीच्या बाहेर असली पाहिजे. आम्ही आमची मेढ त्यापायी अर्धा फूट कापली. दुसरे, वाळवीचे औषध किंवा फिनेल. दिवाळीच्या साफसफाईत फिनेलच्या बादल्या ओतल्या जातात. पण त्यातली द्रव्ये मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि मांजर पाय चाटते. साबणाच्या पाण्याने फरशी निघते. तिसरे, लोंबणारा दोरा. मांजर त्याच्याशी खेळते तोवर ठीक. गिळला तर आतड्यात अडकून शस्त्रक्रियेवर पाळी येते. शिंके तेवढे पुन्हा बांधू नका.

आता खरे सांगायचे तर झाड उभे राहिले तेव्हा भिंगरीने त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही. पहिले चार दिवस ती स्क्रूच्या रिकाम्या खोक्यात बसून होती, अन् आमचे हे काही न बोलता माझ्याकडे पाहत होते. पाचव्या दिवशी आत्याबाईंनी आपले जुने, धुऊन मऊ झालेले लुगडे घडी करून वरच्या दुरडीत घालायला लावले. दुपारी मी कॉलेजातून आले तो दुरडीच्या काठावरून शेपूट लोंबत होते.

नुसत्या झाडाने पहाटेची पळापळ मात्र थांबली नाही. त्यासाठी धाकट्याने एक नेम धरला. मांजर उजाडताना आणि मावळताना जास्त जागे असते, तो त्याच्या शिकारीचा वेळ. तेव्हा रात्री नऊला काठीला चिंधी बांधून तो तिला खांबावर वर-खाली पंधरा मिनिटे पळवतो, आणि लगेच तिचे जेवण देतो. शिकार झाली, पोट भरले, झोप आली. काठी मग कपाटात बंद. आताशा ती साडेपाचपर्यंत झोपते. आत्याबाई चारला उठतात त्या दिवा लावून उठतात, आणि आधी वर बघतात.

देव्हाऱ्यावर ती अजूनही एखादे वेळी जाते. पडदे आम्ही काढूनच टाकले. मांडणीवरचे महानुभाव एकदा पुन्हा खाली आले. अशी सगळी जमेची आणि खर्चाची बाजू आहे. आमच्याकडे जिल्ह्याबद्दल 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असे म्हणतात. आमचे हे आता तेच मेढीकडे बोट दाखवून म्हणतात, पण शेताचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

विसर्जनाच्या दिवशी आमच्या दारावरून मिरवणूक गेली. ढोल होते, त्यापाठोपाठ फटाके होते. माणसाचा कान वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. मांजराचा साठ हजारांच्याही पुढे जातो, तेव्हा आपल्याला जो दणका वाटतो तो त्याला काय वाटत असेल, याची कल्पनाच केलेली बरी. दारे-खिडक्या आम्ही आधीच लावल्या होत्या. पहिल्या फटाक्याला भिंगरी दाराकडे धावली. मनीही अशीच धावली होती. धाकटा दाराला पाठ लावून उभा राहिला. दार बंद दिसताच ती वळली, खोलीभर एक फेरा मारला, आणि मेढीवर चढली. नखांचा आवाज तेवढा आला. दुरडीत शिरून लुगड्याच्या घडीखाली ती जी गेली ती मिरवणूक नदीकडे वळेपर्यंत बाहेर आली नाही.

लक्ष्मीपूजनाचे फटाके याच्या दसपट असतात. दुरडीवर झाकायला आम्ही एक जाड घोंगडी काढून ठेवली आहे, आणि पणत्या यंदा त्या खिडकीत लावायच्या नाहीत असे आत्याबाईंनी आतापासून बजावले आहे. त्यांचे प्लॅस्टर निघाले आहे. पाडव्याला त्या जात्याला हळदकुंकू वाहतात. यंदा त्यासाठी त्यांना मेढीखाली वाकावे लागेल.